तांडा आणि तंबू

ज्याचा चरितार्थ नियमित चालतो त्याचें घरहि एका जागीं असावयाचें, अशी शहरांत वाढलेल्या मनुष्याची सहज समजूत असते. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारा मनुष्य म्हटला कीं त्याच्याविषयीं दोनच कल्पना मनांत उभ्या राहतात. तो एक तर विरक्त असावा, नाहीं तर त्याला कोठेंच थारा नसावा. विंचवाच्या बिऱ्हाडाची म्हण मराठींत बहुधा कींव करण्याकरितांच वापरली जाते. अलीकडे युरोप-अमेरिकेंत कांहीं सुशिक्षित कुटुंबांनीं मोटारगाडींतच बिछाना, चूल आणि लिहिण्याचें मेज मांडून, हातची नोकरी न सोडतां वर्षानुवर्षें रस्त्यावर राहण्याचा परिपाठ सुरू केला आहे. महाराष्ट्र सरकारनेंहि २०२१ सालीं अशा घरवजा गाड्यांतून हिंडणाऱ्या प्रवाशांसाठीं एक धोरण मंजूर केलें. त्यामुळें चालत्या घरांत राहून नेमानें काम करणें ही एक नवीच टूम निघाली आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः हा प्रघात या देशांत फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास केवळ कुतूहलाचा नसून न्यायान्यायाचाहि आहे. चालतें घर दोन प्रकारच्या लोकांनीं वापरलें. एकाला त्याबद्दल भत्ता मिळाला. दुसऱ्याच्या नशिबीं पोलिसांची हजेरी आली. हें कसें घडलें, तें पाहण्यास वर्धा आणि गोदावरी यांच्यामधील अरण्यमय मुलुखाइतकी सोयीची जागा क्वचितच सांपडेल.

राजुरा हें गांव वर्धा नदीच्या दक्षिणेस आहे. नदी ओलांडली कीं उत्तरेस बल्लारपूर आणि त्यापुढें चंद्रपूर, म्हणजे गोंड राजांच्या जुन्या राजधान्या. दक्षिणेस माणिकगडाचे डोंगर, आणि त्यांच्या पलीकडे आदिलाबाद व आसिफाबाद यांचा प्रदेश. सागवान, बांबू आणि मोह यांच्या या रानांत गोंड व कोलाम यांची वस्ती पुरातन आहे. इंग्रजी अमदानींत वर्धा नदी ही नुसती नदी नव्हती. ती दोन राज्यांमधील सरहद्द होती. उत्तर तीर मध्यप्रांतांत आणि राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत, अशी वांटणी होती. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद भारतांत विलीन झालें. १९५६ च्या नोव्हेंबरांत राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हां राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यांतून निघून प्रथम नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९५९ सालीं तो चांदा जिल्ह्यांत आला. पुढच्याच वर्षीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. एकाच आयुष्यांत येथील माणसांनीं घराचा उंबरठा न सोडतां हैदराबाद, मुंबई आणि महाराष्ट्र अशीं तीन राज्यें पाहिलीं. ज्या मुलुखांत घरें स्थिर राहून सरहद्दीच फिरल्या, त्या मुलुखांत फिरत्या घरांचें काय झालें, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

या बाजूच्या फिरत्या घरांपैकीं सर्वांत मोठें घर बंजाऱ्यांचें. मराठींत त्यांना लमाण म्हणतात, तेलंगणांत लंबाडा; ते स्वतःस गोर म्हणवितात. 'लमाण' या शब्दाचा संबंध लवण म्हणजे मीठ याच्याशीं लावण्यांत येतो. व्युत्पत्ति कशीहि असो, वस्तुस्थिति तिला अनुकूल आहे. समुद्रकांठचें मीठ देशांत आणावयाचें आणि देशांतलें धान्य, कापूस वगैरे माल बाहेर न्यावयाचा, हा त्यांचा पिढीजाद धंदा होता. त्यांची वाहनें म्हणजे पाठीवर गोण्या लादलेले बैल, आणि त्यांचा गांव म्हणजे तांडा.

१६३२ सालीं पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी आग्र्याहून पाटण्यास जात असतां त्याला वाटेंत एक तांडा भेटला. त्यांत धान्यानें लादलेले १४,००० बैल होते. बायकामुलें आणि सारा संसार बरोबर होता, आणि दिवसाकाठीं हा जमाव सहा-सात मैलांहून अधिक चालत नसे. त्याच शतकांत ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचें लिहून ठेवलें आहे. या लोकांचे चार वर्ग असून प्रत्येक वर्ग एकाच जिनसाची वाहतूक करतो, आणि घर म्हणून त्यांना तंबूशिवाय दुसरें कांहीं नाहीं, असें त्याचें निरीक्षण आहे. अरुंद वाटेंत तांडा समोर आला म्हणजे तो सारा पार होईपर्यंत इतर प्रवाशांस दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावें लागे, हेंहि तो सांगतो. एवढा मोठा जमाव वर्षानुवर्षें, पिढ्यानपिढ्या एकच काम करीत राहतो, याचा अर्थ तें काम अत्यंत नियमित होतें, असाच घेतला पाहिजे. आगगाडीच्या पूर्वीं हिंदुस्थानांत मालगाडीचें खातें जर कोठें होतें, तर तें बंजाऱ्यांच्या तांड्यांत.

हा धंदा बैलाच्या पाठीवरच कां चालला, आणि संसार बरोबर घेऊनच कां चालला, याचें उत्तर हिशेबांत आहे. त्या काळीं पक्के रस्ते नव्हते. नद्यांवर पूल नव्हते. घाटांत आणि काळ्या जमिनींत गाडीचें चाक जेथें रुतून बसे, तेथून लादलेला बैल पायवाटेनें निघून जाई. गाडीवाल्यास बैलांच्या चाऱ्याचा खर्च येई. तांड्याचे बैल वाटेनें चरत चालत, त्यामुळें हा खर्च जवळजवळ नव्हताच. कळप मोठा, गाई बरोबर, म्हणून नव्या बैलांची पैदासहि वाटेंतच होई. माल लादणें, उतरविणें, गोण्या शिवणें, गुरें राखणें, रात्रीं पहारा करणें हीं सारीं कामें घरचींच माणसें करीत. घर मागें ठेवावयाचें तर दोन घरांचा खर्च आला, आणि अर्धीं माणसें कामास मुकलीं. तेव्हां घर बरोबर नेणें ही तांड्याची लहर नव्हती; त्याच्या व्यवहाराचा तोच पाया होता. तांडा सावकाश चाले हें खरें, परंतु तो इतक्या स्वस्तांत चाले कीं त्याच्याशीं स्पर्धा करणें दुसऱ्या कोणास शक्य नव्हतें. वऱ्हाडचा कापूस आगगाडीपूर्वीं बैलांच्या पाठीवरूनच सुमारें पांचशें मैलांवरील मिर्झापुरास जाई आणि तेथून गंगेच्या नावांतून कलकत्त्यास पोंचे.

या चालत्या घराची मांडणीहि पाहण्यासारखी होती. मुक्काम पडला म्हणजे गोण्या उतरवून त्यांची एकावर एक रास रचीत. तीच भिंत आणि तीच तटबंदी. तिच्या आडोशास पालें उभीं राहत. भोंवतीं धिप्पाड कुत्रीं राखण करीत. तांड्याचा प्रमुख नायक. मार्ग कोणता, मुक्काम कोठें, कोणाचा माल घ्यावयाचा आणि भांडण झालें तर निवाडा काय द्यावयाचा, हें त्याच्या शब्दावर ठरे. तांड्यांत हातडिया नांवाचा एक बैल बालाजीच्या नांवानें सोडलेला असे. त्याच्या पाठीवर ओझें कधींच लादीत नसत. त्याला तांबडें वस्त्र, गोंडे, कवड्या आणि घंटा यांनीं सजवीत. तो जेथें बसेल तेथें मुक्काम करावा, अशी रीत होती, आणि आजारी माणसाच्या हितासाठीं त्याच्यापुढें नवस बोलत. स्त्रियांचा आरसे जडविलेला घागरा, कशिदा काढलेली फडकी, दंडभर बांगड्या आणि रुप्याचे दागिने यांकडे बाहेरची माणसें केवळ हौस म्हणून पाहतात. परंतु ज्या घराला भिंत नाहीं त्या घरास तिजोरीहि असूं शकत नाहीं. तेथें कुटुंबाची शिल्लक घरधनिणीच्या अंगावरच राहावयाची, हा त्यांतला व्यवहार आहे.

पाऊस सुरू झाला कीं तांडा थांबे. काळी जमीन चिखलानें भरून जाई, नद्या दुथडी वाहत, आणि लादलेल्या बैलास पुढें पाऊल टाकतां येत नसे. मग डोंगराच्या पायथ्याशीं, उंचवट्याच्या जागीं, जेथें चारा आणि पाणी विपुल आहे असा मुक्काम धरून चार महिने काढावयाचे. तागाची गोणपाटें विणणें आणि जनावरें पोसून पुन्हां कामाजोगीं करणें हीं कामें तेव्हां चालत. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास वाटा वाळल्या कीं घर पुन्हां चालूं लागे.

राज्यकर्त्यांना या चालत्या घराची गरज पुरेपूर ठाऊक होती. शहाजहानच्या दक्षिणेंतील स्वाऱ्यांच्या वेळीं, १६३० च्या सुमारास, भंगी व जंगी या दोन नायकांनीं वजीर आसफखानाच्या फौजेस रसद पुरविली आणि त्याबद्दल त्यांना सनद मिळाली, अशी बंजाऱ्यांची परंपरा सांगते. फौजेसाठीं पाणी आणि चारा वाटेल तेथून घेण्याची त्यांत मुभा होती, असें म्हणतात. १८०३ सालीं शिंदे व नागपूरकर भोसले यांच्याविरुद्ध लढतांना आर्थर वेल्स्ली यानें आपल्या फौजेच्या धान्याची भिस्त बंजाऱ्यांवरच ठेवली होती. त्या मोहिमेंतील अडगांव आणि गाविलगड हीं ठिकाणें वऱ्हाडांतच आहेत. दोन सैन्यें एकमेकांवर तुटून पडत असतांहि तांडा मधून सुखरूप जाऊं शके. कारण ज्याच्या गोणींत धान्य आहे त्यास लुटलें तर उद्यां आपल्याच छावणींत उपासमार होईल, हें दोन्हीकडच्या सरदारांस कळत होतें.

आतां दुसऱ्या चालत्या घराकडे वळावयाचें. तें घर कापडी तंबूचें, आणि त्याचा धनी सरकारी अंमलदार. त्याचा आद्य नमुना राजुऱ्यापासून फार दूर नाहीं. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानें १८०२ सालीं मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ त्याचें आयुष्य मुख्यतः छावणींतच गेलें. अवजड यंत्रें, साखळ्या, निशाणें, मदतनीस, हमाल आणि स्वतःचें कुटुंब असा सारा पसारा बरोबर घेऊन तो दक्षिणेकडून उत्तरेस एकेक टेकडी मोजीत सरकला. १८२३ च्या जानेवारींत हैदराबादेहून नागपुराकडे जात असतां हिंगणघाट येथें, मुक्कामावरच, त्याचा अंत झाला. तेव्हां तो सुमारें सत्तर वर्षांचा होता. त्याचें थडगें हिंगणघाटास आहे. नोकरी पक्की, पगार ठराविक, काम अत्यंत काटेकोर. आणि घर मात्र दर मुक्कामास नवें. या देशांतील सरकारी नोकरांत चालत्या घराचें याहून ठळक उदाहरण दाखवितां येणें कठीण आहे.

लॅम्बटन हा विरळा मनुष्य होता. परंतु त्याच्या मागून आलेल्या राज्ययंत्रानें तंबूंतलें राहणें हा नोकरीचा नित्य भागच केला. १८६१ सालीं मध्यप्रांत स्थापन झाला. त्यानंतर जमीनमोजणी आणि सारा यांचें बंदोबस्ताचें काम सुरू झालें. चांदा जिल्ह्याचा बंदोबस्त मेजर लुसी स्मिथ यानें केला, आणि त्याचा १८६९ सालचा अहवाल आजहि या जिल्ह्याच्या इतिहासाचें मोठें साधन मानला जातो. गांवोगांव मुक्काम केल्याशिवाय असें काम होण्यासारखें नसतें. नदीच्या दक्षिणेस सालारजंगानें १८६५ सालीं जिल्हाबंदी करून तालुकदार व तहसीलदार यांची व्यवस्था लावली. तेथेंहि दौरा हें अंमलदाराचें कर्तव्य ठरलें. पाऊस सरला आणि वाटा वाळल्या कीं, म्हणजे ज्या दिवसांत तांडे निघत नेमक्या त्याच दिवसांत, अंमलदाराचा तंबूहि निघे. तंबू दोन असत. एकांत साहेब काम करीत असतां दुसरा रातोरात पुढच्या मुक्कामीं जाऊन उभा राही. दप्तराच्या पेट्या, मेज, खुर्च्या, भांडीं, न्हाणीचें सामान, घोडे, कधीं कधीं दुभतीं जनावरें, आणि पुष्कळदां बायकामुलेंहि या प्रवासांत असत. सकाळीं गांवांची पाहणी, दुपारीं आंबराईंत कचेरी, संध्याकाळीं शिकार, आणि रात्रीं कंदिलाच्या उजेडांत अहवाल, असा क्रम चार-पांच महिने चाले. जंगलखात्याचे अधिकारी तर याहूनहि अधिक काळ रानांत काढीत. या छावणीबरोबर जाणारे मराठी कारकून मात्र आपलें बिऱ्हाड जिल्ह्याच्या गांवीं ठेवून येत, आणि दौऱ्याचे दिवस राहुटींत, आपल्या हातानें स्वयंपाक करून काढीत.

ही पद्धति निष्फळ होती असें म्हणतां येणार नाहीं. ज्याला पायीं किंवा घोड्यावर गांवोगांव हिंडावें लागतें त्याला शेताची पिकें, विहिरीचें पाणी आणि माणसांचीं गाऱ्हाणीं प्रत्यक्ष दिसतात. मोटारी आणि डाकबंगले आल्यावर हे दौरे आंखूड झाले, आणि अंमलदाराचें गांवाविषयींचें ज्ञानहि उणावलें, ही तक्रार पुढें अनेक अनुभवी अधिकाऱ्यांनींच केली. परंतु या चालत्या घराचा भार कोण वाही, हेंहि पाहिलें पाहिजे. तांडा आपलें ओझें आपल्या बैलांवर नेई. साहेबाच्या छावणीला मात्र गांवच्या गाड्या धरल्या जात. दूध, कोंबडीं, गवत, लांकूडफांटा यांची रसद गांवानें पुरवावयाची असे, आणि तिचे पैसे द्यावयाचे असले तरी ते मधल्यामधें शिपायांच्या हातीं अडकून पडत. रानांतील गोंड व कोलाम यांना अंमलदारांचीं ओझीं वाहण्याच्या वेठीस जावें लागे. आदिलाबादच्या गोंडांत १९४१ पासून राहून अभ्यास करणारे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनीं त्या जिल्ह्यांतील आदिवासींच्या गाऱ्हाण्यांत सरकारी नोकरांच्या या जुलमाची नोंद केली आहे. म्हणजे चालत्या दोन घरांपैकीं स्वावलंबी घर तांड्याचें होतें, तंबूचें नव्हे.

असें असतां सन्मान मात्र तंबूच्या वांट्यास आला, आणि तांड्यावर संकट कोसळलें. तें एकाएकीं आलें नाहीं. तीन पावलांनीं आलें. पहिलें पाऊल आगगाडीचें. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. पुढें वरोऱ्याच्या कोळशाकरितां वर्ध्याहून फांटा काढण्यांत आला. १९०८ सालीं तो बल्लारपुरापर्यंत आला. आणि १९२९ पर्यंत बल्लारपूर व काझीपेठ जोडलीं जाऊन उत्तर-दक्षिण लोहमार्ग पुरा झाला. तांड्याला महिनेच्या महिने लागत तें अंतर मालगाडी दोन-चार दिवसांत तोडूं लागली. दुसरें पाऊल जंगलखात्याचें. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनीं रानें सरकारी राखीव झालीं आणि चराईवर पट्टी बसली. ज्या फुकट चाऱ्यावर तांड्याचा सारा हिशेब उभा होता, तो चाराच महाग झाला. हे दोन्ही घाव सोसूनहि तांड्याला दुसरा धंदा शोधतां आला असता. परंतु तिसरें पाऊल कायद्याचें होतें, आणि तें सर्वांत जड पडलें.

१८७१ सालीं हिंदुस्थान सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी सबंध जात किंवा टोळी जन्मतःच गुन्हेगार आहे असें जाहीर करण्याचा अधिकार त्यानें सरकारला दिला. अशा जमातीच्या लोकांनीं पोलिसांत नांवें नोंदवावयाचीं, ठराविक वेळीं हजेरी द्यावयाची, आणि परवान्याशिवाय जागा सोडावयाची नाहीं. १९११ आणि १९२४ सालीं हा कायदा आणखी व्यापक करण्यांत आला. देशाच्या अनेक भागांत बंजाऱ्यांच्या कांहीं शाखा या यादींत घालण्यांत आल्या. धंदा बुडाल्यावर कांहीं तांड्यांनीं गुरेंचोरीचा व दरोड्यांचा मार्ग धरला होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु कायद्यानें शिक्षा केली ती गुन्ह्याला नव्हे, तर चालण्याला. ज्याचें घर हलतें तो संशयित, हें गृहीत धरल्यावर निरपराधी मनुष्यास आपलें निरपराधित्व सिद्ध करण्याचा मार्गच उरत नाहीं. आणि ज्या अंमलदारानें हा हुकूम बजावावयाचा तो स्वतः त्या वेळीं तंबूंतच राहत होता! त्याच्या मुक्कामांची संख्या सरकार मोठ्या संतोषानें मोजी आणि त्यावर त्याला भत्ता देई. नायकाचे मुक्कामहि सरकार मोजूं लागलें, परंतु ते ठाणेदाराच्या वहींत.

पुष्कळ तांडे याच काळांत जमिनीवर स्थिर झाले. यवतमाळ जिल्ह्यांतील गहुली हें गांव चतुरसिंग नाईक यांनीं वसविलें. त्यांचे नातू वसंतराव नाईक यांचा तेथें १९१३ सालीं जन्म झाला, आणि १९६३ पासून १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. या समाजाला स्थिरपणाची संधि मिळतांच त्यानें काय करून दाखविलें, याचें हें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. मुंबई इलाख्यांत हा कायदा १९४९ सालीं गेला. केंद्र सरकारनें अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली होती. तिच्या शिफारशींनंतर १९५२ च्या ३१ ऑगस्ट रोजीं तो सबंध देशांतून रद्द झाला. तेव्हांपासून हे लोक 'विमुक्त' म्हणून ओळखले जातात, आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. स्वातंत्र्याची पहांट या घरांवर पांच वर्षें उशीरानें झाली, असें म्हटल्यास तें चूक होणार नाहीं.

स्थिर होण्याचा प्रश्नहि सरळ नव्हता. जमीन कोठून तरी यावयाची होती, आणि राजुऱ्याच्या दक्षिणेस ती रिकामी नव्हती. आदिलाबादच्या डोंगरांत पूर्वीं बंजारे येत ते माल घेऊन येत आणि निघून जात. गोंडांना त्यांचें ओझें वाटत नसे. विसाव्या शतकांत ते शेती करण्यास येऊं लागले, तेव्हां गोंडांच्या हातच्या जमिनी त्यांच्याकडे जाऊं लागल्या, आणि दोन गरीब समाजांत वैर उत्पन्न झालें. हाइमेनडॉर्फ यांच्या लिखाणांत या संघर्षाचें सविस्तर वर्णन आहे. पुढें १९७६ सालीं त्या बाजूच्या लंबाडांची गणना अनुसूचित जमातींत झाली, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाहीं. इकडे महाराष्ट्रांत तेच लोक विमुक्त जातींत मोडतात, आणि कर्नाटकांत अनुसूचित जातींत. एकच गोत्र, एकच बोली, एकाच प्रकारचें लग्नगीत. परंतु सरहद्दीच्या कोणत्या बाजूस तांडा थांबला, यावर त्याच्या मुलांचे हक्क ठरतात. ज्यांच्या पूर्वजांना सरहद्द ही फक्त ओलांडण्याची रेघ होती, त्यांच्या नातवांना ती कपाळावरची रेघ झाली आहे.

आज राजुऱ्याजवळ सास्तीच्या खाणींतून कोळसा निघतो, आणि शेजारीं गडचांदूरच्या बाजूस सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. तेथून निघणाऱ्या मालमोटारींचे चालक गाडीच्या डोक्याशीं असलेल्या चिमुकल्या खोलींत झोपतात, वाटेंतच स्नान करतात, वाटेंतच जेवतात, आणि महिन्यांतले थोडेच दिवस घरीं असतात. धंद्यानें पाहिलें तर नायकाचे खरे वारस हेच. फरक एवढाच, कीं तांड्यानें काम आणि घर यांची ताटातूट कधीं होऊं दिली नाहीं, आणि मोटारीनें ती केली. दुसरे वारस पश्चिमेकडे सांपडतात. बीड वगैरे जिल्ह्यांतून दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठीं लाखों माणसें साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांत बंजारा कुटुंबें मोठ्या संख्येनें असतात. कारखान्याच्या शिवारांत चटयांची कोपी उभी राहते, आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तेंच घर. काम नियमित आहे, बैल आहेत, मुलेंबाळें बरोबर आहेत. परंतु जुन्या तांड्याची स्वतंत्रता नाहीं. आतां नायकाच्या जागीं मुकादम असून त्याची उचल डोक्यावर घेऊनच घर निघतें.

या सर्व वृत्तांतावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चालत्या घरांत राहून नेकीनें काम करणें हें मनुष्याच्या स्वभावाविरुद्ध नाहीं, कीं समाजाच्या हिताविरुद्धहि नाहीं. मात्र त्याला तीन गोष्टी लागतात. एक, त्याच्या कामाला कायमची मागणी. दुसरी, वाटेंत थांबण्याचा, पाण्याचा आणि चाऱ्याचा हक्क. आणि तिसरी, स्थिर लोकांच्या मनांत त्याच्याविषयीं विश्वास. लॅम्बटनला या तिन्ही गोष्टी सरकारनें पुरविल्या. तांड्यानें त्या आपल्या कर्तृत्वानें कमावल्या होत्या. त्या त्याच्याकडून एकामागून एक काढून घेण्यांत आल्या. आज ज्या सुशिक्षित कुटुंबास मोटारींत घर थाटावेंसें वाटतें, त्याला कोणी संशयित म्हणत नाहीं, कारण त्याच्या खिशांत पगाराचा कागद आणि कोठल्या तरी शहरांतील पत्ता असतो.

पत्ता ही वस्तु स्थिर माणसाला इतकी सहज मिळालेली असते कीं तिची किंमत त्याच्या ध्यानांत येत नाहीं. शिधापत्रिका, मतदानाचा हक्क, मुलाचें शाळेंतलें नांव हीं सर्व पत्त्यावर टांगलेलीं आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं साखरशाळा निघाल्या, वसतिगृहें निघालीं. तीं पुरेशीं होतीं किंवा नाहीं हें दर वर्षीं कार्तिकांत गांवच्या शाळेंतील रिकामे बांक सांगतात. एका काळीं साऱ्या हिंदुस्थानचें मीठ ज्यांच्या पाठीवर होतें, त्यांच्या वंशजांनीं आपल्या मुलांसाठीं राज्याकडे एवढेंच मागावें, कीं घर हललें म्हणून पाटी सुटूं नये, तर तें मागणें मोठें म्हणतां येणार नाहीं. ज्या सरकारानें एकदां आपल्या अंमलदारासाठीं सबंध कचेरी बैलगाडींत घालून गांवोगांव नेऊन दाखविली, त्या सरकारच्या वारसांना एक शाळा तांड्यामागून नेणें अशक्य असूं नये.